घरही हवे, ओढाही हवा

गेल्या सत्रात आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी ‘शहराचा विकास आणि पर्यावरण’ या विषयावर निबंध लिहून आणावयास सांगितले. वर्गातील बहुतेकांनी झाडे तोडणाऱ्यांवर आणि ‘सिमेंटच्या जंगला’वर सडकून टीका केली. माझी वही मात्र दोन दिवस कोरीच राहिली. कारण ज्या सिमेंटच्या जंगलाला माझ्या मैत्रिणी नावे ठेवीत होत्या, ते वाढवणाऱ्या हातांत माझ्या वडिलांचेही हात आहेत. माझे वडील गवंडी आहेत आणि आई त्यांच्याच कामावर घमेली उचलते. २००३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील आमच्या गावची विहीर आटली, तेव्हा दोघे पुण्यास आले. पुण्यात इमारती उभ्या राहत होत्या म्हणून आमची चूल पेटली, आणि त्या चुलीच्या आधारावर मी आमच्या घराण्यातील पहिली महाविद्यालयीन विद्यार्थिनी झाले. मग ‘बांधकाम थांबवा’ असे मी कोणत्या तोंडाने लिहावे?

पण बांधकामाचे नुसते गोडवे गाणेही मला शक्य नव्हते. त्याला कारण आहे एक रात्र.

२५ सप्टेंबर २०१९. मी आठवीत होते. आमची खोली आंबिल ओढ्याच्या काठच्या वस्तीत होती. त्या संध्याकाळी कात्रजच्या बाजूला पाऊस नुसता कोसळत होता. रात्री ओढ्याचे पाणी आमच्या उंबऱ्याशी आले आणि अंथरूण गुंडाळीपर्यंत गुडघ्याला लागले. अण्णांनी धाकट्या भावाला खांद्यावर घेतले, आईने रेशनकार्ड ठेवलेला पत्र्याचा डबा काखेत मारला आणि आम्ही पलीकडच्या एका इमारतीच्या जिन्यात रात्र काढली. त्या इमारतीच्या विटा अण्णांनीच रचल्या होत्या. त्या पुरात शहर आणि परिसरात मिळून वीसाहून अधिक माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी अण्णा चिखलात आपली हत्यारे शोधीत होते. थापी सापडली, गुण्या सापडला. ओळंबा मात्र गेला तो गेलाच.

एवढे पाणी आले कोठून? वस्तीत कोणी म्हणाले, तळे फुटले. कोणी म्हणाले, देवाचा कोप झाला. मीही ते खरे मानले होते. पुढे महाविद्यालयात आल्यावर भूगोलाच्या तासाला एक साधे गणित कळले, आणि त्या रात्रीचा अर्थ थोडाफार उलगडला. ते गणित येथे मांडते.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा एखाद्या रात्री १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी पडते. म्हणजे रस्त्याने जाणारा एक मोठा टँकर! एका एकराचे चाळीस टँकर झाले. ती जमीन गवताची, मातीची असेल, तर यातील बरेच पाणी तिच्यात मुरते आणि उरलेले सावकाश वाहते. तीच जमीन स्लॅब, फरशी आणि डांबर यांनी झाकली, तर जवळजवळ सगळे पाणी काही मिनिटांत गटारात आणि गटारातून ओढ्यात जाते. पाऊस तोच असतो, ओढाही तोच असतो. फरक पडतो तो पाणी किती वेळात ओढ्यापर्यंत पोहोचते याचा. जे पाणी रात्रभर झिरपत यायचे, ते तासाभरात आले, तर त्यालाच आपण पूर म्हणतो.

पुण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. वरची माती, मुरूम आणि खडकातील भेगा एवढ्याच त्याला खाली उतरण्याच्या वाटा. या वाटा टेकड्यांच्या उतारांवर, पायथ्याशी आणि ओढ्यानाल्यांच्या काठी मोकळ्या असतात; आणि नेमक्या याच जागांवर आज बांधकामाचा डोळा आहे. त्या बुजवल्या, की पावसाळ्यात पूर येतो आणि उन्हाळ्यात बोअर कोरडी पडते. ज्या सोसायटीने सप्टेंबरात गुंठ्यामागे एक टँकर पाणी ओढ्यात लोटून दिले, तीच सोसायटी मे महिन्यात पैसे मोजून टँकर मागवते. याला विकास म्हणावे की आतबट्ट्याचा व्यवहार म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

आपल्या पूर्वजांना ओढ्याचा स्वभाव ठाऊक होता, असे इतिहास वाचताना वाटते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तेथले पाणी भुयारी नळाने शहरात आणले. काळा हौद, बदामी हौद ही नावे आजही पुण्यात आहेत. त्याच काळात पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून तळे करण्यात आले. आज आपण जिला सारसबाग म्हणतो, ती त्या तळ्याच्या जागी आहे. म्हणून तर तेथील गणपतीला ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. पेशव्यांच्या काळातील सगळेच चांगले होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या शहरात आमच्यासारख्यांना कोणत्या हौदावर पाणी भरू दिले असते, हा प्रश्न आहेच. परंतु पाण्याला थांबायला जागा ठेवावी लागते, एवढी गोष्ट त्या नगररचनेत होती. तळे गेले, ओढ्याचे पात्र आवळत गेले, आणि आपण मात्र पाण्याने पूर्वीसारखेच शहाण्यासारखे वागावे अशी अपेक्षा करीत राहिलो.

टेकड्यांचेही तसेच. १९९७ मध्ये भोवतालची गावे पुणे शहरात घेण्यात आली. पुढे त्यांतील २३ गावे शहरात राहिली. बाणेर, वारजे, कात्रज ही त्यांतलीच. या गावांच्या विकास आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर टेकड्या आणि उतार ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून राखून ठेवण्याची कल्पना पुढे आली. मग अनेक वर्षे वाद चालला. उतारावर थोडे तरी बांधकाम होऊ द्यावे, असे एका बाजूचे म्हणणे. एक वीटही लागता कामा नये, असे दुसऱ्या बाजूचे. शेवटी २०१५ मध्ये राज्य सरकारने हे आरक्षण मान्य केले आणि जमीनमालकांना मोबदला म्हणून ८ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क देऊ केला. हा शब्द अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे. मालकाने टेकडीवर बांधायचे नाही. त्या बदल्यात ठरावीक क्षेत्रफळाचे बांधकाम शहरात दुसरीकडे करण्याचा हक्क त्याला मिळतो, आणि तो हक्क त्याला विकताही येतो. मोबदला फार थोडा आहे, अशी मालकांची तक्रार आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या खडकाळ जमीन कसलेले शेतकरीही आहेत. सगळ्या शहराला सावली आणि पाणी हवे असेल, तर त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी? टेकडी वाचवायची तर तिच्या मालकालाही न्याय मिळाला पाहिजे. नाही तर आरक्षण कागदावर राहते आणि उतारावर रातोरात पत्र्याच्या शेड उभ्या राहतात.

२०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी पुण्यात नागरिकांचा मोर्चा निघाला. मी तेव्हा अकरावीत होते. मैत्रिणीबरोबर मीही गेले होते. मोर्चात सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे लोक पुष्कळ होते; आमच्या वस्तीतले कोणी दिसले नाही. त्या दिवशी कामाचा खाडा कोण करणार? घरी सांगितले तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, “झाडं बिडं बंगलेवाल्यांची हौस गं बाई.” त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आज सुचते. ज्याच्या बंगल्याभोवती आवार आहे, ज्याच्या खोलीत थंड हवेचे यंत्र आहे, त्याला टेकडी नसली तरी एक वेळ चालेल. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, वर पत्रा तापतो, अशा घराला अंगण कोठून असणार? बाहेरचा पिंपळ हेच आमचे अंगण. दहावीचा माझा निम्मा अभ्यास त्याच्या पारावर झाला. जवळच सुंदर बाग आहे, पण ती ऐन दुपारी, उन्हाच्या वेळी बंद असते. म्हणून मला वाटते, हिरवी जागा ही श्रीमंताची हौस असेल, पण गरिबाची ती गरज आहे. आणि ओढा चिडला, की त्याचे पाणी आधी कोणाच्या उंबऱ्याशी येते, हे मी पाहिलेले आहे.

यात आणखी एक धोका आहे. पर्यावरणाच्या नावाने पहिली कुऱ्हाड पुष्कळदा गरिबावरच पडते. २०२१ च्या जूनमध्ये, भर पावसाळ्यात, आंबिल ओढ्याच्या काठची काही घरे पाडण्यात आली आणि मोठा गदारोळ झाला. ओढ्याचे पात्र मोकळे असावे, हे मला मान्य आहे. पुराचे पाणी मी अंगावर घेतले आहे. पण काठची झोपडी जेवढी अडचणीची, तेवढीच पात्रात सरकलेली इमारतीची भिंतही अडचणीची. मोजमाप दोघांना एकाच पट्टीने लागले पाहिजे, आणि हलवायचेच असेल तर आधी जवळपास पक्के घर मिळाले पाहिजे.

हे मोजमाप कसे करावे? येथे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून आठवावे असे एक नाव आहे: पॅट्रिक गेडिस. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे हे पहिले प्राध्यापक. मूळचे स्कॉटलंडचे, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार. भारतातील अनेक शहरांसाठी त्यांनी अहवाल लिहिले. १९१८ चा इंदूरचा अहवाल त्यांत विशेष गाजला. त्यांची रीत अशी, की आराखडा नंतर. आधी शहर पायी फिरून पाहायचे. लोक कोठे बसतात, पाणी कोठून भरतात, सावली कोठे आहे, हे टिपायचे. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. निष्णात वैद्याने जेवढे सडले तेवढेच कापावे, तशी मोजकी पाडापाडी करावी, विहिरी आणि तळी बुजवू नयेत, मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात झाड लावावे, असे ते सांगत. शंभर वर्षे झाली. पण हा धडा आपण अजून गिरवायचा आहे.

गेडिस यांचे वाचून मी आणि दोन मैत्रिणी एका रविवारी कात्रजच्या तलावापासून आमच्या वस्तीपर्यंत ओढ्याच्या काठाने चालत आलो. जेथे काठ मातीचा होता, तेथे करंज, उंबर आणि लव्हाळी होती, पाण्याचा वेग कमी होता आणि बगळे उभे होते. जेथे दोन्ही बाजूंना भिंती होत्या, तेथे ओढा गटारासारखा सरळ, काळा आणि जोरात वाहत होता. कित्येक ठिकाणी तो आम्हाला दिसलाच नाही. नुसता वास आला. एका नव्या गृहसंकुलाच्या आवारात हिरवळ पाहून आम्ही खूश झालो. पहारेकऱ्याने सांगितले, की हिरवळीखाली गाड्या लावायचे तळघर आहे! म्हणजे वर चार बोटे माती आणि खाली स्लॅब. डोळ्यांना हिरवे, पण पावसाच्या थेंबाला वाट नाही.

वस्तुतः कायद्यात तरतुदी आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या विकासात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. पाचशे चौरस मीटर आणि त्यावरील भूखंडावर पावसाचे पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय करावी लागते. वृक्षतोडीचा आपला कायदा १९७५ चा. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हटले गेले, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. नियम चांगले आहेत. पण शोषखड्डा खणला, परवाना मिळाला, आणि पुढे तो गाळाने भरला तर पाहतो कोण? साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपे लावली, तरी ती सावली देऊ लागेपर्यंत माझे शिक्षणच काय, नोकरीही संपत येईल.

आता प्रश्न इमारतीचा. घरे तर बांधावीच लागणार. आमच्यासारखी कुटुंबे दुष्काळातून येतच राहणार. अण्णांचा मला सरळ सवाल असतो, “घरं बांधायचीच न्हाईत तर मग मान्सं कुठं ऱ्हायची, पोरी?” मी म्हणते, बांधू या, पण कोठे आणि कसे, हे ठरवू या. जेथे वस्ती झालेलीच आहे तेथे उंच बांधा. उतार, ओढा आणि विहिरी सोडा. हे झाले ‘कोठे’.

‘कसे’ हा अण्णांचा विषय. सिमेंट तयार करताना चुनखडी सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. इंधनाचा धूर तर होतोच, पण खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. म्हणून जेथे सिमेंट टाळता येईल तेथे टाळावे, हे शहाणपणाचे. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या विटा आता सर्रास मिळतात. त्यासाठी शेतातली सुपीक माती भाजावी लागत नाही. जुन्या वाड्यांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत, त्या अजून उभ्या आहेत.

लॉरी बेकर या वास्तुरचनाकाराबद्दल मी ग्रंथालयात वाचले. जन्माने इंग्रज, १९१७ चा जन्म, २००७ मध्ये केरळात निधन. आयुष्यभर त्यांनी कमी खर्चाची घरे बांधली. घराचे सामान पाच मैलांच्या परिसरातले असावे, हा गांधीजींकडून मिळालेला विचार ते सांगत. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या आणि मध्ये पोकळी ठेवायची, अशी त्यांची भिंत. विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात, आणि पोकळीतल्या हवेमुळे घर थंड राहते. एका संध्याकाळी मी पुस्तकातले चित्र अण्णांना दाखवले. त्यांनी दारापुढे दहा-बारा विटा मांडून पाहिल्या, पुन्हा मोडल्या, पुन्हा मांडल्या. मग म्हणाले, “भिंत चांगली हाये. पर ह्याला हात बसलेला गवंडी लागतो, आन्‌ येळ लागतो. आमी काम अंगावर घेतो. फुटावर पैसं. येळ कोन देनार?”

त्यांच्या या एका वाक्याने मला पुस्तकापेक्षा जास्त शिकवले. बेकर यांच्या पद्धतीत सामान कमी आणि कौशल्य जास्त लागते. म्हणजे घराच्या खर्चातला सिमेंटचा वाटा घटतो आणि कारागिराच्या मजुरीचा वाटा वाढतो. मग पर्यावरण आणि गवंड्याची भाकरी यांत वैर आहे, असे कोणी ठरवले? वैर असलेच, तर ते घाईशी आहे. ज्या दिवशी गवंड्याला फुटाऐवजी त्याच्या कसबाचा दाम मिळेल, त्या दिवशी टिकाऊ आणि थंड घरे बांधायला अण्णांसारखे शेकडो हात तयार असतील.

माझा निबंध अखेर असा लिहिला गेला. सरांनी तो वार्षिकासाठी मागितला, म्हणून थोडा वाढवून येथे दिला आहे. मी तज्ज्ञ नाही. पण झाड की घर, असा प्रश्न मांडणेच मला चुकीचे वाटते. घर हवेच, आणि त्या घरात रात्री निर्धास्त झोपता यावे म्हणून ओढाही हवा.

शेवटी माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना एक विनंती करते. आपल्या महाविद्यालयाचे छत १,००० चौरस मीटर धरले आणि पुण्याचा वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर सात लाख लिटर पाणी दरवर्षी आपल्या डोक्यावर पडते. ते कोठे जाते? येत्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, की आपण काही जणांनी वही-पेन्सिल घेऊन पन्हाळीपासून गटारापर्यंत त्याच्या मागे चालत जाऊ या. ते पाणी आवारातच मुरवायचे ठरले, तर खड्डा कोठे आणि किती खोल घ्यावा हे दाखवायला अण्णा येतील. मी त्यांना विचारून ठेवले आहे. नवा ओळंबाही त्यांनी घेतला आहे.

(द्वितीय वर्ष, कला)